पद्मावतीच्या वाटेने दासगावपर्यंत

रविवारची बुद्धवंदना आटोपली होती. विहारात सतरंज्या गुंडाळण्याचे काम चालले होते आणि महिला मंडळाच्या भगिनी नाताळच्या सुट्टीत मुलांना कुठे न्यावे याची चर्चा करीत होत्या. पवईतल्या एका उंच इमारतीत साफसफाईच्या कामावर जाणारा आमच्या वस्तीतला एक तरुण मध्येच म्हणाला, "आमच्या बिल्डिंगमधले साहेब लोक गेटवेला शिडाची बोट भाड्याने घेतात. फक्त आपल्या घरची माणसं, दुसरं कुणी नाही. समुद्रात फिरून येतात." त्याने हौसेने एका कंपनीला फोनही केला होता. दोन तासांचे भाडे त्याच्या निम्म्या पगाराएवढे निघाले. शिवाय घरचा डबा बोटीवर चालणार नाही, असेही त्याला बजावण्यात आले होते. सगळे हसले. भाकरीशिवाय आमची सहल कसली?

कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक आजी मात्र हसल्या नाहीत. वय चौऱ्याऐंशी. माहेर मंडणगड तालुक्यातले. त्या म्हणाल्या, "बोटीचं नाव नको काढू बाबा. लग्न होऊन बाणकोटवरनं मुंबईला आले ती बोटीनंच. टोपल्या, गाठोडी आणि मध्ये आम्ही. भाऊच्या धक्क्यापर्यंत डोकं वर केलं नाही. समुद्र कसा असतो, ते बघितलं कुठं?"

आजींचे हे बोल आमच्या मनात रुतून बसले. समुद्राच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या माणसांनी समुद्र पाहिला तो ओझे वाहताना. माता रमाईंचे वडील दाभोळच्या बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहत असत. कोकणातून आपले आजोबे-पणजोबे गिरण्यांत आणि गोदीत काम करायला मुंबईत आले, त्यांतले कितीतरी जण आगबोटीच्या डेकवर बसूनच आले. पण समुद्र डोळे भरून पाहायला म्हणून बोटीत बसलेला माणूस आपल्या घरांत शोधून सापडणे कठीण!

तेवढ्यात वस्तीतले निवृत्त गुरुजी उठले. त्यांनी विचारले, "मनुस्मृती दहन दिन आपण दरवर्षी पाळतो. त्या वेळी बाबासाहेब मुंबईहून महाडला कसे गेले, कुणाला ठाऊक आहे काय?" कोणी म्हणाले रेल्वेने, कोणी म्हणाले मोटारीने. खरे उत्तर एकालाही देता आले नाही. भाषणे करणाऱ्या आम्हालाही नाही!

बाबासाहेबांनी समुद्राची वाट का धरली?

गुरुजींनी सांगितले ते प्रत्येक कुटुंबाने मुलाबाळांना सांगावे असे आहे. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन बाबासाहेबांनी माणुसकीचा हक्क बजावला. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. म्हणून त्याच वर्षी २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरवायचे ठरले. मुंबईहून जायला धरमतरवरून जवळची वाट होती. पण तिकडून पुढे मोटारीने जावे लागे आणि मोटारवाल्यांनी ऐन वेळी बहिष्कार टाकला तर सगळेच अडकून पडले असते. दासगाव बंदरावरून महाड अवघे पाच मैल. तेथवर बोटीने गेले की पुढे कोणाच्या मोटारीची गरज नाही, आपले पाय आहेत!

२४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब सुमारे दोनशे प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले. बोट हरिहरेश्वरला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी 'अंबाबाई' या दुसऱ्या बोटीने ते सावित्रीच्या खाडीत शिरले आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास दासगाव बंदराला लागले. तेथे तीन हजारांच्या आसपास सत्याग्रही वाट पाहत उभे होते. तेथून मिरवणुकीने सारे महाडला चालत गेले.

आणखी एक गोष्ट गुरुजींनी सांगितली आणि विहारात शांतता पसरली. त्या प्रवासाच्या जेमतेम सहा आठवडे आधी, ११ नोव्हेंबर १९२७ रोजी, याच किनाऱ्यावर 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. 'पद्मावती'त पाय ठेवणाऱ्या कामकरी माणसांच्या कानांवर ही बातमी गेली नसेल काय? तरीही ती माणसे बोटीत बसली. समुद्राची भीती होती, पण समुद्र कोणाला जात विचारीत नाही हेही त्यांना ठाऊक होते.

तिथेच ठरले. गेटवेची शिडाची बोट राहू द्या. आपण आपली बोट करायची आणि पद्मावतीच्या वाटेने जायचे.

पैशाचा प्रश्न

ठरवणे सोपे, करणे अवघड. पहिली हरकत कमिटीतूनच आली. "सहलीवर पैसा उडवण्यापेक्षा विहाराच्या पत्र्याला द्या." हरकत चुकीची नव्हती. पावसाळ्यात पत्रा गळतो हे आम्हीही पाहतो. शेवटी महिला मंडळाच्या अध्यक्ष ताईंनीच मार्ग काढला. दर माणशी महिना दोनशे रुपयांची भिशी, दहा महिने. त्यातून उरेल ते पत्र्याला. "देव-देव करीत यात्रेला पैसा घालवणारे आपण आता राहिलो नाही," त्या म्हणाल्या, "पण मुलांना आपला इतिहास डोळ्यांनी दाखवायचा नाही, असं बाबासाहेबांनी कुठं सांगितलंय?" यावर कोणी बोलले नाही.

नाव नोंदवणारे तेवीस झाले. आजींचे नाव त्यांत नव्हते. आदल्या दिवशी त्यांची नात त्यांची पिशवी घेऊन आली, तेव्हा चोविसावे नाव लिहिले गेले.

भाऊच्या धक्क्यावरून

२४ डिसेंबरला पहाटे पवईहून मिनी बस निघाली. तलावावर अजून धुके होते. आपला हा पवईचा तलाव १८९१ साली मुंबईला पिण्याचे पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला, पण त्याचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. आज त्यात मगरी आहेत, म्हणून मुलांना काठावरूनच पाणी बघायची सवय. पाण्यावर बसायचे ही कल्पनाच त्यांना नवी होती.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला आता रो-रो बोट जाते. गाडीसकट माणसे बोटीत! सुमारे तासाभराचा प्रवास. आजी आधी गाडीतून उतरेनात. "ह्याच धक्क्यावर उतरले होते," एवढेच म्हणाल्या. मग नातीचा हात धरून वर डेकवर आल्या आणि कठड्याजवळच्या बाकावर बसल्या. डावीकडे घारापुरीचे डोंगर दिसू लागले. त्या बेटावरच्या एका टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

गुरुजींचा वर्ग डेकवरच भरला. सोपारा, कल्याण आणि चौल ही या किनाऱ्यावरची प्राचीन बंदरे. जहाजांतून व्यापार करणारी माणसे बुद्धाच्या संघाला दान देत. आपल्या पवईच्या डोंगरापलीकडे कान्हेरीची लेणी आहेत, तेथल्या शिलालेखांत कल्याण, सोपारा आणि चेमुल म्हणजे चौल येथल्या दात्यांचा उल्लेख आढळतो. नालासोपाऱ्याचा स्तूप १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी उकरला. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात तर भिंतीवर शिडाचे जहाजच रंगवलेले आहे. पुढे समुद्र ओलांडला तर जात जाते, असे सांगणारे शास्त्र आले. गुरुजी हसून म्हणाले, "ज्यांना जातीनंच छळलं, त्यांना जात जाण्याची कसली भीती? बाबासाहेब १९१३ साली बोटीनं अमेरिकेला गेले आणि ज्ञान घेऊन आले."

मांडव्याला उतरून अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड असा किनाऱ्याकिनाऱ्याने रस्ता. एका बाजूला माडा-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला निळे पाणी. मुले खिडक्या सोडीनात. आगरदांड्याला पुन्हा गाडीसह फेरीबोटीत चढलो आणि दिघीला उतरलो. दूरवर पाण्यात जंजिरा किल्ला उभा होता. याच राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला कुडे गावची बौद्ध लेणी आहेत. तेथल्या दात्यांत एका माळ्याचेही नाव कोरलेले आहे. फुले विकून पोट भरणाऱ्याने दान दिले आणि त्याचे नाव दगडात राहिले. हे ऐकून आमच्यातले भाजीची गाडी लावणारे एक गृहस्थ बराच वेळ त्या दिशेला बघत उभे राहिले.

श्रीवर्धनवरून संध्याकाळी हरिहरेश्वरला पोहोचलो. एका घरगुती खोल्यांत मुक्काम केला. ९० हून अधिक वर्षांपूर्वी 'पद्मावती' याच किनाऱ्याला आली होती. रात्री वाळूत मेणबत्त्या लावून त्रिसरण-पंचशील घेतले. लाटांच्या आवाजात लहान मुलांचा 'बुद्धं सरणं गच्छामि' ऐकताना अनेकांचे डोळे भरून आले.

तांडेलचा हिशेब

दुसऱ्या दिवशी बागमांडल्याला सावित्रीच्या मुखाशी आलो. पलीकडे वेश्वी, बाणकोट आणि हिंमतगड किल्ला. येथून फेरीबोट पलतीराला जातेच, पण आम्ही खास आपल्यासाठी प्रवासी परवान्याची एक बोट सांगून ठेवली होती. आमचा अंदाज होता की चोवीस माणसे एका बोटीत मावतील. तांडेल चाचांनी बोटीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "बारा."

आमच्यातला एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला, "अहो चाचा, त्यात नऊ तर लहान मुलं आहेत. मुलांना कशाला मोजता?"

चाचांनी शांतपणे उत्तर दिले, "पाणी मोजतं."

आम्हाला त्या क्षणी 'रामदास' आठवली. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती आगबोट खचाखच भरली होती. वादळी लाटांत ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. इतके जुने कशाला? १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. अशा वेळी अंगात जीवरक्षक जॅकेट असणे-नसणे यावर सगळे ठरते.

दुसरी बोट करायची म्हणजे पत्र्यासाठी उरणारे पैसे गेले. हिशेब ठेवणाऱ्या ताईंनी क्षणभर डोळे मिटले. मग म्हणाल्या, "करा दुसरी. पत्रा पुढच्या वर्षी." प्रत्येकाला जॅकेट घातले. आजींना घालताना त्या म्हणाल्या, "मागल्या वेळी हे नव्हतं." चाचा म्हणाले, "मागल्या वेळी कुणी विचारत नव्हतं, अम्मा."

सावित्रीच्या खाडीत

भरती लागली तशा दोन्ही बोटी निघाल्या. सुरुवातीला इंजिनाचा फटफटाट. डाव्या हाताला श्रीवर्धन आणि म्हसळा तालुक्यांचे डोंगर, उजव्या हाताला मंडणगड. याच मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे आहे. १९२७ च्या त्या सकाळी 'अंबाबाई'तून जाताना आपल्या वाडवडिलांचे डोंगर त्यांना उजवीकडे दिसले असतील. आम्ही सगळे आपोआप उभे राहू लागलो तेव्हा चाचा ओरडले, "बसून जयभीम करा!" बसूनच हात जोडले.

शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे आपण पाठ करतो. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. त्या वाऱ्याने होड्या बाहेर जात. दिवसा जमीन तापली की वारा समुद्राकडून आत येतो. तो खारा. त्या वाऱ्याने होड्या घरी येत. दोन मार्कांसाठी घोकलेली ही गोष्ट त्या दिवशी गालाला लागली. अकरा वाजून गेल्यावर पाठीमागून गार वारा सुटला. चाचांच्या बोटीवर एक लहान शीड होते. त्यांनी इंजिन बंद केले, शीड वर ओढले आणि ते फुगले. एकाएकी सगळे शांत झाले. फक्त बोटीच्या पोटाखाली पाण्याची चुळबुळ. काठावरचे बगळे, कांदळवनाची हिरवी भिंत आणि वारा ढकलतो तेवढीच चाल. साहेब लोक ज्यासाठी पैसे मोजतात ते हेच असावे!

चाचांनी आमच्या मुलांना सुकाणू धरायला दिले. मागच्या बोटीत डबे उघडले होते. सुक्या बोंबलाचा वास पाण्यावरून आमच्यापर्यंत आला. आमच्या बोटीवर घरचा डबा चालत होता!

म्हाप्रळ-आंबेतचा पूल जवळ येताना आजी उजव्या काठाकडे एकटक बघत होत्या. नातीने विचारले, "आजी, भीती वाटते का?" त्या म्हणाल्या, "नाही ग. हा डोंगर मला ठाऊक आहे. पण पाण्यातून कसा दिसतो ते आज बघते." त्यांनी जॅकेटवरून पदर नीट घेतला आणि वाऱ्याकडे तोंड करून बसल्या. दासगाव येईपर्यंत त्यांनी मान खाली घातली नाही.

पुढे नदीत मगरी असतात, हात पाण्यात घालू नका, असे चाचांनी बजावले. पवईची मुले लगेच म्हणाली, "आमच्याकडे पण आहेत!"

पाच मैल

दासगावला उतरलो. कॉ. रा. बा. मोरे यांचे बालपण या गावात गेले. महाडची परिषद उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. आता येथून मुंबई-गोवा महामार्ग जातो, ट्रकांची वर्दळ असते. म्हणून मुले आणि वडीलधारी बसने पुढे गेली. आम्ही काही जण रस्त्याच्या कडेने चालत निघालो. महाडच्या अलीकडे डोंगरात गांधारपाले येथील बौद्ध लेणी दिसतात. १९२७ साली मिरवणूक याच लेण्यांच्या पायथ्यावरून गेली असेल. धम्मदीक्षेला अजून एकोणतीस वर्षे अवकाश होता. पण तथागताची लेणी त्या वाटेवर आधीच उभी होती.

महाडला चवदार तळ्यावर अभिवादन केले. नंतर क्रांतिस्तंभावर गेलो. २५ डिसेंबर १९२७ च्या रात्री मनुस्मृतीची होळी झाली ती याच महाडला. परिषदेला जागा द्यायला कोणी तयार नव्हते, तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. आणि तळ्याचा हक्क? त्यासाठी खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात तो आपल्या बाजूने लागला. दहा वर्षे! बोटीतून एका दिवसात केलेला प्रवास असा दहा वर्षे चालला होता, हे मुलांना तळ्याच्या पायरीवर बसूनच नीट समजले.

आपणही जा, पण नीट जा

आमच्या अनुभवातून चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करावी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, बोटी बंद असतात. मासेमारीची होडी स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. प्रवासी परवाना आहे का, किती माणसांचा आहे, हे आधी विचारावे आणि लहान मूलही एक माणूस म्हणून मोजावे. जॅकेट प्रत्येकाच्या अंगात असावे, बाकाखाली नव्हे. भरती-ओहोटीची वेळ तांडेलला विचारून निघावे, कारण खाडीत ओहोटीला बोट गाळात बसते. दारू पिणाऱ्याला बोटीत घेऊ नये, मग तो कितीही जवळचा असो. पाचवे शील पाण्यावर दुप्पट पाळावे! आणि लांबचा प्रवास परवडत नसेल तर बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून बोटीने पलीकडे जाऊन विपश्यना पॅगोडा पाहून या. मुलांना पाण्याची ओळख तिथेही होईल.

परतीच्या बसमध्ये ताईंनी हिशेब वाचून दाखवला. शिल्लक तीनशे चाळीस रुपये. पत्रा या पावसाळ्यातही गळणार. आजींनी कमरेची पिशवी सोडली आणि पन्नासाची नोट पुढे केली. ताई म्हणाल्या, "आजी, हे पत्र्यासाठी का?"

"नाही," आजी म्हणाल्या, "पुढच्या भिशीचे. माझं नाव पहिलं लिही."

पत्र्याचे काम आम्ही आता अंगमेहनतीने करायचे ठरवले आहे. भिशी मात्र सुरू झाली आहे. पहिले नाव आजींचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!